कागद, काच आणि कुरडईचा चीक

बाबांनी नागपूरच्या महाल भागात फ्रेमचं दुकान टाकलं तेव्हा फ्रेममध्ये जायचे ते देव, गेलेली माणसं आणि डिग्र्या. आजही दुकानाचं अर्धं भाडं त्यातूनच निघतं, त्यात लपवायचं काय? गजानन महाराजांची तसबीर, हार घालायचा आजोबांचा फोटो आणि विद्यापीठाची पदवी, या मापांच्या पट्ट्या मामा डोळे मिटूनही कापतील. मामा म्हणजे आमचे कारागीर. दुकानात वयाने मोठे, बोलायला कमी.

मी शासकीय चित्रकला महाविद्यालयात शिकलो. चित्रकार काही झालो नाही, पण मित्र सगळे चित्रकार मिळाले. त्यातल्या एकाचं जलरंग आम्ही बाबांच्या पद्धतीने फ्रेम केलं होतं: काच थेट चित्रावर, मागे हार्डबोर्ड, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी. नऊ वर्षांनी तो ती फ्रेम पिशवीत घालून घेऊन आला. आकाशाचा निळा काचेला चिकटला होता. चिकटपट्टी होती तिथे चहासारखे चार डाग होते आणि खालचा कोपरा कसरीने चाळणीसारखा केला होता. "तुमच्याकडेच केली होती ना?" एवढंच तो म्हणाला. चहा न घेता गेला.

आमची खरी वाटचाल त्या दिवशी सुरू झाली असं मी धरतो.

मग शिकलो. हार्डबोर्डात लाकडाचा लगदा असतो, त्यातलं आम्ल हळूहळू कागदात उतरतं. रद्दीचा पेपर उन्हात पिवळा पडतो, ते याच घराण्यातलं दुखणं. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, शोभेसाठी आहे असं मी इतकी वर्षं समजत होतो. त्याचं खरं काम काच आणि चित्र यांच्यामध्ये हवेची फट ठेवणं. आणि चित्र मागच्या बोर्डाला चिकटवायचं नसतं, टांगायचं असतं. लांब धाग्यांच्या जपानी कागदाचे दोन छोटे तुकडे वरच्या कडेला बिजागरीसारखे लावायचे, तेही गव्हाच्या स्टार्चच्या खळीने. ती पाण्याने पुन्हा सुटते. दहा वर्षांनी कुणालाही चित्र सुखरूप बाहेर काढता आलं पाहिजे.

गव्हाचा स्टार्च कुठून आणायचा, याचा शोध नेटवर घेत बसलो होतो. आई गच्चीवर कुरड्या घालत होती. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून तळाशी बसतो तो चीक म्हणजे तोच स्टार्च! वाटीभर मागितला तर म्हणाली, "काहून रे बापा, आता चित्राले कुरड्या चिकटवतं का तू?" सराव त्यावरच केला, जुन्या कॅलेंडरवर. चीक आंबूस असतो, म्हणून लोकांच्या कामाला आता शुद्ध केलेला स्टार्च विकत आणतो. हात मात्र त्या वाटीवर बसला.

नागपूरचा त्रास वेगळाच. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, म्हणून घरोघरी कूलर. कूलर म्हणजे थंड हवेसोबत पाण्याची वाफच. समोरच्या भिंतीवर कागदावरचं काम असेल तर महिन्याभरात कागद लहरी घेतो, पुढे तपकिरी ठिपके येतात. गिऱ्हाईक आम्हालाच बोलतं, "तुमची फ्रेम ढिली निघाली." आता बिलासोबत तोंडी सांगतोच: कूलरसमोर नाही, बाहेरच्या ओल्या भिंतीवर नाही, थेट उन्हात तर नाहीच. अर्धे ऐकतात.

2020 च्या टाळेबंदीत कॅनव्हास मिळेना, दुकानं बंद, म्हणून चित्रकार हाताशी असलेल्या कागदावर काम करत बसले. नंतर ती भेंडोळी आमच्याकडे आली. शाई, कोळसा, लाकडी ठशांचे छाप. आमच्या दुकानाला वरच्या मजल्यावर एक खोली आहे. तिथे तिघांची कामं लावली आणि आम्ही फ्रेमवाल्यांचे विक्रेतेही झालो. पहिल्याच आठवड्यात एका काकांनी छापाच्या तळाशी पेन्सिलीने लिहिलेलं 4/12 वाचून विचारलं, "चार डिसेंबरला काढलं का?" बारापैकी चौथी प्रत, हे सांगितल्यावर त्यांनी पहिली मागितली. पहिलीत आणि चौथीत किमतीचा फरक नाही म्हटल्यावर त्यांचा माझ्यावरचा विश्वासच उडाला.

कागद म्हणजे कच्चं काम, खरं चित्र कॅनव्हासवर, ही समजूत घालवणं हाच आमचा अर्धा धंदा. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचा जन्म 1924 मध्ये नागपुरातच झाला. 1984 च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास थांबले तेव्हा ते छोट्या कागदांवर शाईने काम करत राहिले. चित्रकार नसरीन मोहम्मदी यांचं आयुष्याचं मुख्य काम कागदावरच्या पेन्सिलीच्या आणि शाईच्या रेषा. 2016 मध्ये न्यूयॉर्कचं मेट ब्रॉयर हे कलासंग्रहालय उघडलं, तेव्हा सुरुवातीच्या प्रदर्शनांत ते होतं. हे सांगितलं की लोक मान डोलावतात आणि मग विचारतात, "पण टिकतो किती?" सुती कागद, आम्लमुक्त माउंट आणि मंद उजेड असेल तर आपल्यापेक्षा नक्कीच जास्त.

सुती कागदावरून आठवलं. कापूस विदर्भात पिकतो आणि कापसाचा चांगला कागद आम्ही इटलीहून मागवतो. तासाभराच्या अंतरावर वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींच्या काळात हातकागदाचे प्रयोग झाले. हे मनात आलं की डोकं तापतं. असो.

कलामेळ्यांचं वारं दिल्लीत 2008 पासून आहे, मुंबईतही आता वाहतंय. मुंबईच्या एका मेळ्यात एका गॅलरीने आम्हाला त्यांच्या बूथमधली एक भिंत दिली. भाडं चौरस मीटरवर. एका मोठ्या कॅनव्हासच्या जागेत आमची अकरा छोटी कामं, आणि सगळ्यांची किंमत मिळून त्या कॅनव्हासच्या जवळपासही नाही. हिशेब मी दोनदा केला, मग वही बंद केली.

काच नको, वाटेत फुटते, म्हणून सगळ्या फ्रेमना काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक, म्हणजे अ‍ॅक्रिलिक लावलं. समृद्धी महामार्गावरून टेम्पोने माल गेला, एकही कोपरा उघडला नाही. बूथवर मी खूश होऊन कोरड्या फडक्याने एकेक शीट घासून चकचकीत केली. अकराव्यात उमरेडच्या एका चित्रकर्तीने काढलेली तिथली उघडी कोळसा खाण होती, लाकडी कोळशाच्या कांडीने. पुसता पुसता खाणीच्या कडा धूसर होताना दिसल्या. अ‍ॅक्रिलिक घासलं की त्यात स्थिर वीज भरते आणि ती सुटी पूड ओढून घेते. शाईला, छापाला काही होत नाही. कोळशाला आणि पेस्टलला काचच लागते. हे मी वाचलेलं होतं. मला माहीत होतं!

उद्घाटन दुसऱ्या दिवशी. मामांनी ब्लेडने मागची कागदी पट्टी कापली, पिना काढल्या, दहा मिनिटांत चित्र टेबलावर. हार्डबोर्डाला चिकटवलेलं असतं तर फाटलंच असतं. मी काचवाल्याच्या मागे लागून त्याचं शटर उघडायला लावलं. परत आलो तर चित्रकर्ती बाकावर बसून कांडीने फिकट झालेला भाग भरत होती. मला तिने एकच विचारलं, "माउंट थोडा जाड घालता येईल?" आम्ही दुहेरी घातला.

मेळ्यात पाच कामं गेली, खाण गेली नाही. परतताना काचेवर आडव्याउभ्या टेपच्या पट्ट्या मारून आणली. फुटली तरी तुकडे चित्रावर पडू नयेत म्हणून. अ‍ॅक्रिलिकवर हे करत नाहीत, डाग राहतो.

ती काढलेली शीट मामांनी फेकू दिली नाही. वरच्या खोलीत खिडकीशी उभी आहे. उजेडात धरली की आतल्या बाजूला खाणीच्या पायऱ्या दिसतात, फिकट, उलट्या. कामाला नवं पोट्टं आलं की मामा पहिल्या दिवशी ती त्याच्या हातात देतात आणि म्हणतात, "पुसू नको, नुसतं पाह्य."