तुम्ही विचारलंत म्हणून : सरकारी दवाखान्यात औषध बाहेरून का आणायला लावतात?

सरकारी रुग्णालयाच्या औषध भांडाराशी ज्याचा संबंध आला, त्याला हा प्रश्न तीन सुरांत ऐकावा लागतो. पहिला सूर साधा : "सगळं फुकट म्हणता, मग चिठ्ठी हातात देऊन समोरच्या मेडिकलवर का पाठवता?" दुसरा शहाणा : "सरकारला जमत नाही ना, मग विमा काढून द्या लोकांचा आणि दवाखाने खासगीवाल्यांना चालवू द्या." तिसरा विचारत नाही, सांगतो : "मधल्यामध्ये खातात." तिघांनाही मी आजवर दोन वाक्यांत वाटेला लावत आले. आता एकदा नीट सांगते.

खाण्याचं आधी. हो, खातात. पण जिथे खाणारा कुणी नाही तिथलंही कपाट रिकामं असतं, आणि ते का रिकामं आहे हे कुणाचेही हात न तपासता, नुसतं रजिस्टर उघडून कळतं.

समजा, एका उपजिल्हा रुग्णालयात वर्षभरात रिंगर लॅक्टेट या सलाईनच्या, म्हणजे आरएलच्या, ९,००० बाटल्या गेल्या. पुढच्या वर्षाचं मागणीपत्र भरताना ९,००० घेतात, वर १० टक्के वाढ धरतात आणि ९,९०० लिहून मोकळे होतात. आता साठा नोंदवहीत बघा. आरएल शिल्लक होतं सहाच महिने. उरलेले सहा महिने नातेवाईक बाहेरून आणत होते आणि त्या बाटल्या कुठल्याच वहीत नाहीत. म्हणजे खरा खप महिन्याला १,५००, वर्षाला १८,०००. मागितल्या ९,९००. पुढच्या वर्षी मंजुरी वेळेवर मिळाली, पुरवठादार देवमाणूस निघाला, कुणी एक रुपया खाल्ला नाही, तरी सातव्या महिन्यात कपाट रिकामं. त्यात मागणी मंजूर करताना वरून कात्री लागली, तर पाचव्या. आकडेमोड अवघड नाही : एकूण खप भागिले साठा असलेले महिने, गुणिले बारा. ई-औषधी या संगणकावरच्या साठा नोंदणी प्रणालीत साठा शून्य झाल्याची तारीख सापडते. ती काढून बघायला माणूस लागतो आणि औषध निर्माण अधिकाऱ्याची जागा रिकामी असली की भांडाराची किल्ली दुसऱ्या कुणाच्या तरी कमरेला असते.

मागणी बरोबर गेली असं धरू. मग प्रशासकीय मान्यता, निविदा, तांत्रिक लिफाफा, त्यानंतर दराचा लिफाफा. पुरेसे निविदाकार आले नाहीत की मुदतवाढ, नाहीतर फेरनिविदा. दर ठरले की पुरवठा आदेश, आणि माल यायला त्यापुढे दीड-दोन महिने. माल आला म्हणून वॉर्डात जात नाही. प्रत्येक बॅचचा नमुना प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल येईपर्यंत माल वेगळा ठेवायचा असतो. सलाईनसारख्या शिरेतून द्यायच्या औषधाच्या निर्जंतुकतेच्या चाचणीत नमुना १४ दिवस उबवत ठेवावाच लागतो. मंत्र्यांचा फोन आला म्हणून जंतू लवकर वाढत नाहीत. एवढं सगळं जमेस धरून साठा किती उरला असताना पुढची मागणी करायची, ते ठरवावं लागतं. आपल्याकडे ती बहुधा साठा संपल्यावर होते आणि मग तिच्यावर लाल शाईने 'तातडीचे' लिहितात.

आणखी एक गंमत. औषधांची दोन प्रकारे वर्गवारी करतात : पैसा किती जातो त्यावर एबीसी, आणि जिवासाठी किती गरजेचं त्यावर व्हीईडी. विंचूदंशावर प्राझोसिनची गोळी जीव वाचवते हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं. किमतीने ही गोळी अगदी स्वस्त, म्हणजे पैशाच्या यादीत तळाला आणि जिवाच्या यादीत सगळ्यात वर. फाईल मात्र पैशाच्या यादीप्रमाणे हलते. मोठ्या रकमेच्या औषधावर चार बैठका होतात, दीड-दोन हजार रुपयांच्या गोळ्यांसाठी कुणी बैठक बोलावत नाही, आणि निविदेत एवढ्याशा मालासाठी कंपनीही फिरकत नाही.

पैसा कमी पडतो का? पडतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारी आरोग्य खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर नेऊ असं लिहिलं होतं. ते झालं नाही. पण भांडारातून दिसतं ते वेगळं. पैसा येतो तो वेळ चुकवून. वर्षभर थेंब थेंब आणि मार्चमध्ये धो धो, कारण ३१ मार्चला न खर्चलेला निधी परत जातो. मग मार्चमध्ये जे मिळेल ते घेतात. पाण्याची बाटली भरून ठेवता येते तसं औषध ठेवता येत नाही. त्याला मुदत असते आणि काहींना २ ते ८ अंश तापमानही लागतं. पुढच्या वर्षी तेच मुदतबाह्य म्हणून पेपरात छापून येतं, शेजारच्या पानावर तुटवड्याची बातमी असते, आणि वाचणाऱ्याला वाटतं की दोहोंपैकी एक खोटी असणार. दोन्ही खऱ्या असतात.

आता नांदेडचं. कुणीही विचारलं की नांदेड निघतंच, आणि त्याबद्दल मला अजून सरळ बोलता येत नाही.

३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ दरम्यानच्या २४ तासांत नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ मृत्यू झाले. त्यांत १२ नवजात बालकं होती. पुढच्या २४ तासांत आकडा ३१ वर गेला. राज्याची औषध खरेदी ज्या महामंडळाकडे दिली होती त्या हाफकिनकडून खरेदी झाली नव्हती हे आधी बाहेर आलं. मग औषधसाठा पुरेसा होता असं रुग्णालयानेही सांगितलं आणि सरकारनेही. एका खासदाराने अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन शौचालय साफ करायला लावलं, त्याचं चित्रीकरण देशभर फिरलं, त्यावर गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. न्यायालयात सरकारने सांगितलं की रुग्ण अत्यवस्थ अवस्थेत, बरेचसे खासगी रुग्णालयांतून, शेवटच्या घटकेला आले होते.

ते खरं असणार. आजूबाजूचे तालुके आणि शेजारच्या तेलंगणातली गावं जिथे येऊन थांबतात, अशा रुग्णालयात असंच होतं : पैसे संपले की खासगीवाला पाठवून देतो. कमी वजनाच्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळाला वाचवणं कुठेही कठीण. तेव्हा ही मुलं औषध नसल्यामुळे गेली, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणायला एकेक केसपेपर वाचावा लागेल, आणि ज्यांनी तो वाचला नाही त्यांनी टीव्हीवर बोलू नये असं माझं मत आहे.

पण 'साठा पुरेसा होता' हे वाक्य म्हणजे काय, हे सांगायला हवं, कारण भांडारवाले तेच वाक्य वर्षानुवर्षं लिहून देत आले आहेत. साठा पुरेसा म्हणजे यादीतल्या बहुतेक औषधांपुढे शून्य नाही, एवढंच. नवजात अतिदक्षता कक्षात यादी चालत नाही. तिथे बाळाच्या शिरेत घालायला २४ नंबरची पिवळी कॅन्युला, म्हणजे बारीक नळी, लागते. २२ नंबरची निळी शेकड्याने पडून असली तरी त्या शिरेत जात नाही. फुप्फुसं कच्ची असलेल्या बाळाला सर्फॅक्टंट लागतं, ते शीतसाखळीत ठेवावं लागतं, एक कुपी हजारोंची, आणि ते जन्मानंतर पहिल्या काही तासांतच उपयोगी. थेंब मोजून द्यायचा मायक्रोड्रिप संच लागतो. यांतलं एक नसलं तरी अहवालात 'औषधसाठा ९० टक्के उपलब्ध' असं लिहिता येतं आणि ते खोटं ठरत नाही. चिठ्ठी घेऊन बाप रात्री दोन वाजता बाहेर पळतो तो त्या उरलेल्या १० टक्क्यांसाठी. अशी चिठ्ठी नांदेडमध्ये कुणाच्या हातात होती का, हे मी सांगू शकत नाही. राज्यातल्या इतर बहुतेक मोठ्या रुग्णालयांबद्दल मात्र शपथेवर सांगेन.

त्यामागे खरेदीचा इतिहास आहे. २०१७ मध्ये राज्याने सगळ्या विभागांची औषध खरेदी परळच्या हाफकिन महामंडळाकडे दिली. लस आणि सर्पदंशावरचं प्रतिविष बनवण्यात हयात गेलेली संस्था. तिच्या गळ्यात हजारो वस्तूंच्या निविदा बांधल्या. रुग्णालयांनी पैसे वळते करायचे आणि वाट बघायची. औषध आलं नाही की स्थानिक खरेदीची परवानगी मागायची, आणि ती मागताना 'हाफकिनकडे उपलब्ध नाही' असा दाखला जोडायचा. तो दाखला यायलाही दिवस लागत. मग २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण काढलं. नांदेड घडलं तेव्हा प्राधिकरण कागदावर होतं आणि त्याला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमा, हे न्यायालयाला सांगावं लागलं.

त्यावर मी पूर्वीपासून एकच म्हणत आले होते : खरेदी रुग्णालयाच्या हातात द्या. ज्याला गरज कळते त्याने घ्यावं. नांदेडनंतर तर हे मोठ्याने म्हटलं. आणि मग कळमेश्वरचं प्रकरण माझ्याच तोंडावर आलं.

नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून औषध निरीक्षकांनी मार्च २०२३ मध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या गोळ्यांचा नमुना घेतला. अहवाल आला डिसेंबरमध्ये. गोळीत सिप्रोफ्लॉक्सासिन नव्हतंच. वेष्टनावर छापलेली उत्पादक कंपनीही अस्तित्वात नव्हती. पुढे अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयातही ॲझिथ्रोमायसिनच्या बनावट गोळ्या सापडल्या. मार्च ते डिसेंबर, नऊ महिने. तोवर त्या गोळ्या वाटून झालेल्या. ताप उतरला नाही तर डॉक्टरला वाटणार जंतू दाद देत नाही, आणि तो पुढचं, महागडं प्रतिजैविक लिहिणार. अशा मृत्यूची नोंद कुठेही 'बनावट औषध' अशी होत नाही.

हे का होतं? बिलं थकतात म्हणून. उत्पादक कंपनी सरकारी निविदेत येते तेव्हा पैसे कधी मिळतील याचा हिशेब करते. वर्ष लागणार असेल तर दर वाढवते किंवा येतच नाही. मग येतो मधला व्यापारी, जो दुसऱ्याकडून उचलतो, तो तिसऱ्याकडून. साखळीत कुणालाच कारखाना ठाऊक नसतो. रुग्णालयाच्या हातात खरेदी दिली तर प्रत्येक बॅच तपासायचे पैसे आणि माणसं तालुक्याच्या दवाखान्याकडे कुठून येणार? आणि मुंबईच्या हातात दिली तर २४ नंबरची कॅन्युला कधी संपली हे मुंबईला कोण सांगणार?

तमिळनाडूने हे १९९४ मध्ये एका महामंडळावर सोडलं. खरेदी एका जागी, गोदामं जिल्ह्याजिल्ह्यात. प्रत्येक रुग्णालयाला पासबुक : वर्षाला एवढ्या रुपयांचं औषध तुमचं, हवं ते उचला, छोटा हिस्सा स्थानिक खरेदीला. नमुना प्रयोगशाळेत जाताना त्यावरचं कंपनीचं नाव झाकून क्रमांक टाकतात. चाचणीत पास झालं की पैसे द्यायचे, आणि द्यायचेच. अप्रमाणित निघालं तर काळी यादी. राजस्थानने २०११ मध्ये मोफत औषध योजना सुरू करताना जवळपास हाच साचा घेतला. आपल्याकडची शिष्टमंडळं चेन्नईला जाऊन आलेली आहेत. गोदामाचे फोटो काढून आणले. वेळेवर पैसे देण्याचा फोटो निघत नाही.

आता शहाण्या सुराला. विमा द्या आणि मोकळे व्हा. महात्मा फुले जन आरोग्य योजना हेच तर करते आणि हृदयाच्या, कर्करोगाच्या शस्त्रक्रियांसाठी तिने खूप घरं वाचवली आहेत. त्याबद्दल मी वाद घालत नाही. पण योजना दाखल झालेल्या रुग्णाची. रक्तदाब, मधुमेह, फिट्स यांच्या रोजच्या गोळ्या तिच्यात येत नाहीत, आणि पाच रुपयांची ती गोळी चुकल्यावर जो पक्षाघात होतो त्याचं बिल पुढे तिच्याकडेच येतं. गडचिरोलीत साप चावला तर सुरुवातीलाच प्रतिविषाच्या ८ ते १० कुप्या लागतात. कार्ड खिशात असून काय करणार, जवळ त्या कुप्या ठेवलेलं कपाट हवं. वर्षातून चार वेळाच लागेल ते औषध भरून ठेवून मुदत संपल्यावर फेकून द्यायचा तोटा कुठला खासगीवाला सोसेल? मी तरी सोसणार नाही. तो तोटा सोसणं हेच सरकारचं काम, असं मला वाटतं. आणि ते सरकार हे काम वाईट करतं, हेही मला माहीत आहे. या दोन वाक्यांची सांगड मला अजून घालता आलेली नाही. तुम्हाला जमली तर सांगा.

तोवर कामाचं सांगते. चिठ्ठी दिली तर ती रुग्णालयाच्या कागदावर, औषधाच्या मूळ नावाने, सही-शिक्क्यासह मागा; साध्या चिटोऱ्यावर घेऊ नका. 'भांडारात उपलब्ध नाही' असा शेरा मागा. बरेचदा तो लिहायची वेळ आली की औषध सापडतं. प्रसूतीला आलेली बाई किंवा एक वर्षाच्या आतलं आजारी बाळ असेल, तर २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात औषध, तपासण्या आणि वाहन मोफत आहेत. वैद्यकीय अधीक्षकांकडे त्या कार्यक्रमाचं नाव घेऊन बोला, रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून त्याच दिवशी खरेदी करता येते. फुले योजनेत दाखल असाल तर औषध पॅकेजमध्येच धरलेलं असतं. खासगी असो की सरकारी, बाहेरून आणायला सांगणं चूक आहे. रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, आरोग्यमित्राला गाठा, तो जागेवर नसेल तर १५५३८८ ला फोन लावा. आणि बाहेरून आणलंच, तर बिलाची प्रत वॉर्डातल्या सिस्टरांकडे देऊन केसपेपरला लावायला सांगा. पैसे परत मिळतीलच असं नाही. पण ती बाटली निदान कुठल्या तरी कागदावर येईल, आणि पुढच्या वर्षी कुणी ९,९०० लिहायला बसला तर ती त्याला आडवी येईल.