ब्लॉक मिळेपर्यंतचे अकरा दिवस

तिळाएवढे मांसाचे चार तुकडे मेणात बसवलेले, मागे प्लास्टिकची छोटी चौकट, तिच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेला नंबर. याला ब्लॉक म्हणतात. माझ्याच आतड्यातून काढलेली ही वस्तू माझ्या हातात यायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

आधीचं थोडक्यात सांगते. वर्षभर पोटात बारीक दुखायचं, मधूनच शौचाला रक्त पडायचं. मी गोव्यात डिचोलीला प्राथमिक शाळेत शिकवते. मूळव्याध असेल म्हणत दिवस ढकलले. शेवटी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी केली, तर मोठ्या आतड्यात पाच-सहा लालसर, उथळ व्रण. बायोप्सीच्या रिपोर्टवर लिहिलं होतं, 'सीडी५६ पॉझिटिव्ह, एनके/टी सेल लिम्फोमाची शक्यता'. सीडी५६ ही एनके पेशींवर सापडणारी खूण, आणि लिम्फोमा म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा कॅन्सर. पेट स्कॅनमध्ये बाकी कुठेच काही नव्हतं. तरी किमोची तारीख मिळाली, चवथीनंतरचा सोमवार.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. म्हणाले, "बाई, यात ईबीईआर केलेलं दिसत नाही. किमोआधी ब्लॉक परळला टाटामध्ये दाखवा." एनके म्हणजे नॅचरल किलर, आपल्याच प्रतिकारशक्तीतल्या पेशी. त्यांचा जो जहाल कॅन्सर असतो, त्याच्या पेशींत एपस्टाइन-बार विषाणू जवळजवळ नेहमीच सापडतो. ईबीईआर तपासणी त्याचाच माग काढते. ती झालीच नव्हती.

मग सुरू झालं ते लॅबचं काउंटर. इस्पितळाचं नाव घेत नाही. पहिल्या दिवशी उत्तर मिळालं, "स्लाइड देतो, ब्लॉक बाहेर जात नाही." मी स्लाइड, म्हणजे ब्लॉकमधला पातळ काप चिकटवून रंगवलेली काचपट्टी, घेऊन आनंदाने घरी आले. दादाने मुंबईला फोन केला तेव्हा कळलं, रंगवलेल्या स्लाइडवर नव्या तपासण्या करता येत नाहीत, त्यासाठी ब्लॉकमधून ताजे काप घ्यावे लागतात. दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा, कदंबाची बस, पुन्हा तेच काउंटर. आता म्हणे मुंबईच्या डॉक्टरांचं पत्र आणा. मुंबईचे डॉक्टर पेशंट न बघता पत्र कसं देणार? त्यांना आधी ब्लॉक हवा, आणि यांना आधी पत्र. हे मी तीन वेगवेगळ्या माणसांना तीन वेगवेगळ्या दिवशी समजावलं. तिघांनीही "उद्या या" एवढंच सांगितलं. मग चवथ आली. घरी माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळा-फुलांची मांडणी, बांधायची होती, मी नारळाला दोरी बांधत होते आणि डोक्यात फक्त तो सोमवार. त्या दिवसांत लॅबमध्ये सही करणारं कुणी नव्हतं. नवऱ्याला म्हटलं, किमो पुढे ढकला म्हणून सांगा. तर तिकडून निरोप आला की उशीर तुमच्या जबाबदारीवर. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सुटलं कसं, तर अगदी साधं. दहाव्या दिवशी मी काउंटरला न थांबता ज्यांनी कोलोनोस्कोपी केली होती त्यांच्याकडे गेले. त्यांनी लेटरहेडवर दोन ओळी लिहिल्या: दुसऱ्या मतासाठी ब्लॉक द्यावा. दुसऱ्या दिवशी ते पत्र घेऊन पॅथॉलॉजिस्ट मॅडमना थेट भेटले. त्या म्हणाल्या, "माझ्यापर्यंत हे आलंच नाही." पाच मिनिटांत ब्लॉक टेबलावर. त्या पाच मिनिटांसाठी अकरा दिवस!

तुमच्यावर ही वेळ आली तर पत्र पहिल्याच दिवशी घ्या. अर्जावर 'स्लाइड आणि ब्लॉक' असे दोन्ही शब्द लिहा, ब्लॉकचा नंबर लिहा आणि अर्जाच्या झेरॉक्सवर पोच घ्या. पेशंट स्वतः जाणार नसेल तर अधिकारपत्र आणि आधारची प्रत लागते. ब्लॉक कापसात गुंडाळून डबीत ठेवा, उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच नको, मेण मऊ होतं.

दादा थिवीहून कोकणकन्येने तो घेऊन गेला. पुढचं सगळं सुरळीत झालं. ईबीईआर निगेटिव्ह. टी-सेलच्या जनुकांतही कॅन्सरची खूण नाही. नंतर मी स्वतः गेले तेव्हा डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं: या पेशी आतड्यातल्या ग्रंथींना बाजूला सारतात, पण ग्रंथींच्या आत घुसत नाहीत. निदान झालं, एनके सेल एन्टेरोपॅथी, म्हणजे एनके पेशींमुळे होणारा आतड्याचा आजार. कॅन्सरसारखी दिसते, पण कॅन्सरसारखी वागत नाही. जपानमध्ये २०१० साली जठरातल्या अशाच आजाराचे दहा पेशंट नोंदले गेले, २०११ मध्ये अमेरिकेत आणखी आठ. त्या आठांतल्या तिघांना लिम्फोमा समजून जबर किमो दिली गेली होती, दोघांचं तर बोनमॅरो प्रत्यारोपणही झालं. हे ऐकलं तेव्हा माझे हात थंड पडले.

मला किमो नाही. व्रण येतात, जातात, पुन्हा येतात, हे होणारच असं आधीच सांगितलंय. ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी करून लक्ष ठेवायचं. परवाच्या वेळी दोन व्रण होते, जुन्यांच्याच जातीचे. कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवशीचं ते पोट साफ करायचं औषध मिसळलेलं पाणी मात्र गार करून प्या, गिळायला सोपं जातं.

आणि ब्लॉक परत द्यायचा असतो, हे विसरू नका, पुढेमागे पुन्हा लागू शकतो. मी त्याच काउंटरवर नेऊन दिला, समोरच्याला रजिस्टर उघडायला लावलं, नंबर स्वतः वाचून दाखवला आणि सही-शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलले नाही.