ओलावा १०.८

गिनी-बिसाऊ म्हटलं की गावाकडे पहिला प्रश्न ठरलेला, "म्हणजे घाना ना?" नाही. गिनी वेगळा, इक्वेटोरियल गिनी वेगळा, बिसाऊ वेगळा. पश्चिम आफ्रिकेत सेनेगलच्या खाली, पोर्तुगिजांनी १९७४ साली सोडलेला एवढासा देश. निर्यात म्हणजे जवळपास सगळा कच्चा काजू, आणि त्यातला बहुतेक भारतात येतो. वेंगुर्ल्याला काजूच्या कारखान्यात हात बसलेला मी राजधानी बिसाऊत एका आयातदाराचा माल तपासायला दोन हंगाम होतो. काजू हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडूनच आला, त्यामुळे तिथल्या बाजारात पहिल्या दिवशी एक तरी शब्द ओळखीचा निघाला.

काम ऐकायला सोपं. दर दहा पोत्यांमागे एक उसवायचं, मूठ मूठ बी काढून ढीग करायचा, त्याचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, असं एक किलो उरेपर्यंत. मग बिया मोजायच्या आणि प्रत्येक बी उभी चिरायची. हातांना राख चोळून, नाहीतर टरफलातल्या तेलाने कातडी सोलवटते. स्वच्छ गर एका ताटलीत, डागी आणि न भरलेला दुसरीत, पोचट नि कुजका तिसरीत. पहिलीचं पूर्ण वजन धरायचं, दुसरीचं निम्मं, तिसरीचं काहीच नाही. ग्रॅमांच्या बेरजेला ०.१७६४ ने गुणलं की ८० किलोच्या पोत्यातून किती पौंड गर निघेल ते कळतं. याला आउटटर्न म्हणतात. दिल्ली-मुंबईचे साहेब लोक याच आकड्यावर फोनवरून भांडतात. बी चिरताना त्यांच्यातल्या एकालाही मी पाहिलेलं नाही. बिसाऊचा माल ५० च्या वर सहज जातो. इतकी भरलेली बी आमच्याकडेही क्वचित मिळते, वेंगुर्लेकर असून कबूल करतो.

पण आउटटर्नच्या आधी ओलावा. आमची हद्द १० टक्के. ओली बी कंटेनरमध्ये भरली की महिना-दीड महिन्याच्या प्रवासात छताला घाम सुटतो, तो पोत्यांवर ठिबकतो आणि मंगळुरात दार उघडताच बुरशीचा भपका येतो.

१२ एप्रिल २०१२, गुरुवार. हंगाम ऐन भरात. दुपारी मान्सोआकडून एक ट्रक आला, ६२ पोती. बरोबर एक म्हातारी. आजूबाजूच्या बायकांनी वेचलेली बी ती एकत्र करून आणायची. तिथे बोंडू, म्हणजे काजूचं फळ, पिळून दारू करतात, ते कामही बायकांचंच. आम्ही सगळे तिला तिया म्हणायचो, म्हणजे मावशी-आत्या काहीही. ती मला फिजु म्हणायची, मुलगा. ओलाव्याचं मीटर तीनदा लावलं. १०.९, १०.६, १०.८.

मी म्हटलं, तिया, ओली आहे. आवारात पसर, उद्या घेतो. तिने बी कानाशी हलवून दाखवली, वाजतेय की! खरंच वाजत होती. पण मीटरला कान नसतात. गल्ल्यात तेव्हा पैसे होते. शुक्रवारी सकाळी बँकेतून आणखी येणार होते, म्हणून मला घाई नव्हती. ती काही न बोलता पोती सोडायला लागली.

देशात तणाव होता, तो कुणाला नवा नव्हता. जानेवारीत राष्ट्राध्यक्ष मालाम बाकाई सान्हा पॅरिसमध्ये वारले. १८ मार्चच्या पहिल्या फेरीत पंतप्रधान कार्लोस गोमेस ज्युनियर यांना ४९ टक्क्यांच्या आसपास मतं पडली. दुसरी फेरी २९ एप्रिलला, आणि त्यांच्यासमोरचे उमेदवार होते कुंबा याला. ते म्हणत होते, मतदानात घोळ झालाय, मी लढणार नाही. शिवाय सैन्य सुधारायला आलेले दोनेकशे अंगोलन सैनिक शहरात. तिथल्या लष्कराला सुधारणा म्हणजे आपली नोकरी जाणार एवढंच कळत होतं. तीन वर्षांपूर्वी, मार्च २००९ मध्ये, लष्करप्रमुख बॉम्बस्फोटात मेले आणि काही तासांत राष्ट्राध्यक्ष व्हिएरांना सैनिकांनी मारलं. एवढं होऊनही दुसऱ्या महिन्यात काजू निघालाच होता. आमचा हिशोब एवढाच असायचा.

अंधार पडल्यावर आवाज सुरू झाले. आधी वाटलं टायर फुटला. मग जड स्फोट, खिडकीची काच थरथरली. पंतप्रधानांच्या घरावर रॉकेटं सोडत होते, हे नंतर समजलं. रेडिओ मुका झाला. बरोबरच्या दोघा मल्याळी पोरांनी जनरेटर बंद केला, भाताचं पातेलं तसंच चुलीवर. मला एकच आठवत होतं, तिया गोदामाच्या आवारात बियांशेजारी झोपलीय.

सकाळी निळ्या-पिवळ्या तोका-तोका बस गायब. बायका डोक्यावर बोचकी घेऊन शहराबाहेर निघालेल्या. सैनिकांच्या पत्रकात म्हणे, अंगोलाशी गुप्त करार झाला होता, म्हणून उठावं लागलं. पत्रकाखाली कुणाचं नाव नव्हतं. बँक बंद. गल्ल्यातले पैसे रातोरात वरिष्ठांनी हलवलेले, आम्हाला न सांगता. ही त्यांची दूरदृष्टी मी अजून विसरलो नाही.

शनिवारी दुपारी गोदामात पोचलो तर तियाने सगळी बी दोन दिवस उलथीपालथी करून पोत्यांत भरून ठेवलेली. मीटर लावलं, ८.४. चिरली. चांगला गर २८२ ग्रॅम, डागी-कच्चा २४, त्याचं निम्मं १२. आउटटर्न ५१.८६. हंगामातला माझा सगळ्यात चांगला निकाल असेल.

द्यायला पैसे नव्हते. मी वजनपावती पुढे केली, सही-शिक्क्याची. तिने ती उलटी धरून पाहिली आणि परत दिली. म्हणाली, "जितु का तें." इलाज नाही. तिथले लोक हे वाक्य आपण 'चालायचंच' म्हणतो तसं वापरतात. आठवड्याने कळलं, वाटेवरच्या एका मॉरिटानियन दुकानदाराला तिने सगळं तांदळावर दिलं. दोन किलो काजूला एक किलो.

२०२५ च्या नोव्हेंबरात तिथे मतदानानंतर तिसऱ्या दिवशी, निकालाच्या आदल्या दिवशी, पुन्हा लष्कर पुढे आलं. बातमी पाहून पहिला विचार आला, निदान हंगाम नाहीये. मग माळ्यावरून २०१२ ची वही काढली. गुरुवारच्या पानावर १०.८, 'परत', माझी सही.

दोन पानं मागे, सोमवार ९ एप्रिल. एका मोठ्या व्यापाऱ्याची ४०० पोती. ओलावा १०.६. फोन आला होता वरून. शेरा 'पास', सही माझीच, जरा घाईतली.