आमची वाटचाल: आधी भोकं, मग फोम

आम्ही मूळचे कुशनवाले. ट्रकच्या सीटा, छताचं रेक्झिन, दारांचं पॅडिंग, एवढंच काम. आवाजाच्या भानगडीत पडलो ते एका ड्रायव्हरमुळे. नवी सीट बसवून घेताना तो म्हणाला, "शेठ, बूड मऊ झालं, पण कानाचं काय? घरी जाऊन पडलो तरी डोक्यात इंजिन चालूच असतं." गाडी जुनी, इंजिन केबिनच्या पोटात, बॉनेटखालच्या पॅडिंगचा हात लावला की चुरा. आम्ही मोठ्या तोऱ्यात छतापासून दारांपर्यंत जाड फोम चिकटवून दिला. चार दिवसांनी स्वारी परत हजर. "आवाज गेला नाही हो, नुसता घोगरा झाला."

त्याचं बरोबर होतं. फोम शिट्टीसारखे बारीक आवाज गिळतो. सहा सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन 1500 आरपीएमवर फिरताना सेकंदाला 75 ठोके देतं, आणि त्या घुमण्याची लाट साडेचार मीटर लांब असते. इंचभर फोम तिच्यापुढे काय करणार? शिवाय त्या ठोक्यांनी पत्रा स्वतःच थरथरतो. त्याला लागते ब्यूटाइलची, म्हणजे चिकट रबराची, थरथर मारणारी डॅम्पिंग शीट. पत्र्यावर टिचकी मारा, "टण्ण" वाजतं. शीट रोलरने दाबून बसवा, "ठप" होतं. सुरुवातीला आम्ही पत्र्याचा इंच न् इंच मढवायचो. नंतर कळलं की पत्र्याच्या मधल्या, जास्त थरथरणाऱ्या भागावर लावली तरी बहुतेक काम होतं. आधीच्या गिऱ्हाइकांनी उगाच वजन वाहिलं, हे कबूल करायला हवं.

पण सगळ्यात जास्त फरक भोकं बुजवून पडला, आणि ते काम सगळ्यात स्वस्त. पत्रा कितीही जाड करा, त्यात शंभरातला एक भाग उघडा राहिला की आवाजाची एकूण अडवणूक 20 डेसिबलच्या पुढे जात नाही. म्हणून आता गाडी आली की संध्याकाळची वाट बघतो. आमचा पोरगा केबिनमध्ये अंधारात पेडलपाशी डोकं खाली घालून बसतो, मी बाहेरून, बॉनेटखालून बॅटरी फिरवतो. जुन्या केबिनमध्ये अक्षरशः चांदणं पडतं! फाटका गिअर लिव्हरचा बूट, वायर जाते त्या भोकातलं गायब झालेलं ग्रोमेट (रबरी कडं), कुणीतरी पंख्यासाठी पाडून तसंच सोडलेलं भोक. दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचं. पट्टी अलगद सुटून आली तर बीडिंग, म्हणजे दाराच्या कडेची रबरी पट्टी, मेलं. केबिन माउंटिंगचे, म्हणजे केबिन ज्यावर टेकते ते, रबर दगड झाले असतील तर तेही आधी बदलायचे. त्यानंतर डॅम्पिंग, बॉनेटवर आणि फरशीवर वजनदार रबरी शीट, आणि फोम शेवटी.

एक चूक अजून सलते. दाराच्या तळाशी पाणी निथळायची भोकं असतात. "भोकं बुजवा" हे इतकं अंगात भिनलं होतं की एका गाडीची तीही बुजवली. पावसाळ्यानंतर दार आतून कुजलेलं निघालं. दार स्वखर्चाने करून दिलं. तेव्हापासून तळाच्या भोकांवर आधी खडूने फुली मारतो, आणि ओल धरणारा उघड्या छिद्रांचा फोम दारात घालत नाही.

सायलेन्सरची गळती असेल तर गाडी परत पाठवतो. धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड शीटने थांबत नाही. फोमचा नवा लॉट आला की तुकडा बाहेर नेऊन पेटवून बघतो. ज्योत काढल्यावर विझला नाही, तर लॉट परत.

आवाज मोजायच्या मीटरचा आकडा आम्ही गिऱ्हाइकाला आधी सांगत नाही. 3 डेसिबल उतरले म्हणजे ऊर्जा निम्मी झाली, पण कानाला निम्मं वाटायला साधारण 10 लागतात, आणि मग वाद होतात. त्यापेक्षा चक्कर मारून या म्हणतो. परवा एक जण चक्कर मारून आला तो तक्रार घेऊनच: इंजिन गप्प झालं, तर आता मागच्या फाळक्याची साखळी वाजते ती ऐकू येते. पोरानं तिला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून दिली.