परदेशात वाढणाऱ्या मुलीची वही

१३ ते १७ या वयात मुलगी आईबाबांबरोबर परदेशी येते, तेव्हा तिचं वय आणि तिचा देश एकाच वेळी बदलत असतात. घरचे मात्र सगळ्याचं खापर देशावर फोडतात. दार लावून बसते, उलट बोलते, आरशासमोरून हलत नाही, सगळं म्हणे इथल्या वाऱ्यामुळे. यातलं बरंचसं जुन्या घरीही झालंच असतं. ‘मी कोण’ हा किशोरवयाचा मध्यवर्ती प्रश्न आहे, असं मांडणारा मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन स्वतः जर्मनीत जन्मला होता आणि १९३३ साली अमेरिकेत जाऊन राहिला. दोन्ही बदल एकमेकांत गुंतलेले असले, तरी ते सुटे करून पाहता येतात. मुलीला ते जमलं की तिचा निम्मा गोंधळ तिथेच कमी होतो.

त्यासाठी एक साधी वही पुरते. खुपलेली गोष्ट एका वाक्यात लिहायची आणि समासात खूण करायची: वयामुळे असेल तर ‘व’, देशामुळे असेल तर ‘दे’, दोन्हींमुळे असेल तर ‘दो’. कसोटी एकच, हे जुन्या शाळेत झालं असतं का? महिन्याभराने पानं चाळली की कशाला उपाय करायचा आणि कशाला थोडा वेळ द्यायचा, हे तिचं तिलाच दिसतं.

सगळ्यात मोठी फसगत भाषेपाशी होते. जुन्या वर्गात तोंडाचा पट्टा चालवणारी मुलगी इथे गप्प बसते आणि सहा महिन्यांत ‘मी अबोलच आहे’ असं मानू लागते. पण हा तिचा स्वभाव नाही, भाषेचा वेग आहे. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यामधलं अंतर सरासरी सेकंदाचा पाचवा भाग, म्हणजे सुमारे २०० मिलिसेकंद असतं. मनात वाक्य जुळवणाऱ्या मुलीला तेवढ्यात शिरकाव मिळत नाही. तिचं वाक्य तयार होतं तेव्हा विषय पुढे गेलेला असतो. जिम कमिन्स या अभ्यासकाने दाखवून दिलं आहे, की रोजच्या गप्पांपुरती नवी भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण अभ्यासाची भाषा बरोबरीच्या मुलांइतकी यायला पाच ते सात वर्षं लागतात. म्हणून पहिली दोन वर्षं वहीत स्वभावाविषयी निकाल लिहू नयेत, प्रसंग लिहावेत. कुठे होते, किती जण होते, काय बोलायचं होतं, कुठे अडलं. बहुतेक वेळा असं दिसतं, की दोघी-तिघींत ती छान बोलते आणि सहा जणांत गप्प होते. मग घोळक्यात घुसण्याचा अट्टहास सोडून जिथे हातांना काम आहे तिथे जावं: प्रयोगशाळा, खेळाचा संघ, वाद्यवृंद, नाटकाचं नेपथ्य. तिथे बोलणं तुटक चालतं आणि ओळख आपोआप होते. वर्गातल्या गटचर्चेत पहिल्या दोन-तीन मिनिटांतच एखादा प्रश्न विचारून टाकावा. जितका उशीर, तितकं तोंड उघडणं कठीण होत जातं.

सगळे आपल्याकडेच बघताहेत, हा भास या वयाचा आहे. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ साली त्याला ‘काल्पनिक प्रेक्षक’ म्हटलं. परदेशात तो भास जास्त टोचतो, कारण रंग, नाव, उच्चार खरोखरच वेगळे असतात आणि काही जण खरंच बघतात. सकाळी लिहावं, ‘आज अमुक गोष्टीवरून मला कोण कोण हसेल’. संध्याकाळी प्रत्यक्ष कोण बोललं ते त्याखाली लिहावं. दुसरी यादी बहुधा पहिलीपेक्षा खूप लहान निघते. त्यातही कोणी खरोखरच त्रास दिल्याची नोंद पुन्हा पुन्हा येत असेल, तर ती मनाची समजूत घालून सोडायची गोष्ट नाही. तारखांसह ती पानं शिक्षकांना दाखवायची.

जड गोष्टींसाठी लिहिण्याची वेगळी रीत आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६च्या प्रयोगातली पद्धत अशी: सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाविषयी, शुद्धलेखनाकडे न बघता, हात न थांबवता. लिहून झाल्यावर थोडा वेळ मन उदास होऊ शकतं, ते ओसरतं. मात्र चार दिवसांनी थांबायचं. महिनोन् महिने तीच तक्रार लिहीत राहिलं की आत्मपरीक्षणाचं रवंथ होतं, आणि मुलींमध्ये हा धोका मुलग्यांपेक्षा जास्त आढळतो. तेच वाक्य तिसऱ्यांदा आलं किंवा ‘मीच अशी का’ याने पान भरलं, की ओळखावं. तेव्हा ‘का’ सोडून ‘काय झालं, केव्हा, कोणाबरोबर, उद्या काय करून बघू’ एवढंच लिहावं. स्वतःविषयी ‘मी’ऐवजी ‘ती’ असं लिहिलं तरी जरा लांबून बघता येतं.

हेच मैत्रिणींशी बोलतानाही घडतं. दोघींनी एकच दुःख तासन् तास उगाळलं तर मैत्री घट्ट होते, पण उदासी आणि चिंताही वाढते, असं मानसशास्त्रज्ञ अमांडा रोज यांनी २००२मध्ये मांडलं. जुन्या मैत्रिणींशी फोन वेळेच्या फरकामुळे बहुधा रात्री उशिरा होतो, आणि झोपही जाते. या वयात झोपेचं घड्याळ निसर्गतःच तास-दोन तास पुढे सरकलेलं असतं. गरज मात्र ८ ते १० तासांची आहे. फोन शनिवार-रविवारी दिवसा ठेवावा. रात्री अकरानंतर स्वतःविषयी लिहिलेलं काहीही सकाळी परत वाचल्याशिवाय खरं मानू नये.

वहीच्या मागच्या पानावर पाळीच्या तारखा असाव्यात. पहिली काही वर्षं २१ ते ४५ दिवसांचं चक्र सामान्य समजतात. प्रवास, ताण, वजनातला फरक यांनी ते हलतं. तीन महिने पाळी आली नाही, रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त चालला किंवा तासा-दोन तासाला पॅड भिजू लागलं, तर डॉक्टरांकडे जावं. बऱ्याच देशांत डॉक्टर या वयाच्या मुलीशी थोडा वेळ एकटीशी बोलतात. आईने वाईट वाटून घेऊ नये. मुलीला स्वतःच्या शरीराबद्दल स्वतः सांगता यायला लागतं, ते अशाच ठिकाणी.

आता गावाकडच्या आजी, मावशी, आत्या यांच्यासाठी. सगळ्यांसमोर स्पीकरवर ‘अभ्यास कसा चाललाय, पुढे काय होणार’ विचारलं की तिच्याकडून ठरलेली उत्तरं येतात. मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्शिया यांनी १९६६मध्ये दाखवलं, की काही मुलं स्वतः शोध न घेताच थोरांनी दिलेली ओळख उचलतात. बाहेरून ती शहाणी, स्थिर दिसतात. तिला शोधायला मोकळीक हवी असेल तर तिच्याशी एकटीशी बोला आणि विचारा, ‘या आठवड्यात पहिल्यांदाच काय केलंस?’ ‘तू बदललीस’ हे मात्र नको. घरी एक आणि शाळेत एक वागणं म्हणजे ढोंग नाही. दोन्हीकडचं धरून ठेवणाऱ्या मुली साधारणपणे जास्त चांगल्या रुळतात.

वही आईबाबांनी वाचू नये. एकदा वाचली की ती पुढे आईबाबांसाठी लिहिली जाते आणि तिचा उपयोग संपतो. पण दोन आठवडे बहुतेक दिवस उदास असेल, खाणं-झोप बिघडली असेल, आवडीच्या गोष्टी सुटल्या असतील तर डॉक्टरांना किंवा शाळेच्या समुपदेशकांना भेटायचं. जीव नकोसा झाल्याचं बोलली तर त्याच दिवशी. समुपदेशकांना तिने पहिल्याच भेटीत विचारावं, ‘मी सांगितलेलं घरी कधी आणि काय कळवाल?’ नियम जागोजागी वेगळे असतात, आणि उत्तर आधी माहीत असलं की ती मोकळेपणाने बोलते.