टोपीकरांची टोपी

सिरीयलच्या ड्रेस डिपार्टमेंटला आहे म्हटलं की लोकांना नऊवाऱ्या आणि दागिने आठवतात, प्रत्यक्षात निम्मा दिवस घामट अंगरखे वाळवण्यात आणि सेफ्टी पिना शोधण्यात जातो. असो. गेल्या मे मधला एक दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

सीन होता खडकीच्या लढाईचा, ५ नोव्हेंबर १८१७. स्क्रिप्टमध्ये ओळ एवढीच, "इंग्रज पलटण पुढे सरकते." भाड्याच्या गोडाऊनमधून आल्या साठ 'सोला' टोप्या, म्हणजे जुन्या साहेबांचं ते कडक हेल्मेट, खाकी, त्यातल्या वीसेक तर वर टोकवाल्या. आपल्याकडे इंग्रज म्हटला की हीच टोपी, मग तो प्लासीचा असो की चले जावचा! अरे पण सोला टोपी दिसायला लागली १८४० च्या आसपास, सर्रास झाली १८५७ नंतर. आणि ते टोक तर प्रशियाचं, म्हणजे जर्मनांच्या राज्याचं. त्यांनी १८४२ मध्ये ते पायदळाच्या डोक्यावर चढवलं, १८७१ पर्यंत फ्रान्सला लोळवलं, मग इंग्रजांनाही ते आवडलं आणि १८७८ ला त्यांनी घरच्या पलटणींना टोकवालं निळं हेल्मेट दिलं. त्याआधी क्रिमियाच्या युद्धात इंग्रज फ्रेंचांच्या जोडीने लढले तेव्हा १८५५ ला टोपी फ्रेंच वळणाची झालेली. ज्याची सरशी त्याची टोपी, दुसरं काय.

१८१७ म्हणजे शाको. मी धरला १८१२ चा नमुना, काळ्या फेल्टचा, डोक्यावर उभा डबा, पुढची भिंत मागच्यापेक्षा उंच, त्यावर पितळी पट्टी, आडवी वळलेली दोरी, तुरा डाव्या बाजूला. तुरासुद्धा पलटणीतल्या कंपनीप्रमाणे, म्हणजे तुकडीप्रमाणे, ग्रेनेडियरचा पांढरा, लाइट कंपनीचा हिरवा, बाकीच्यांचा वर पांढरा खाली लाल. हे मी प्रॉडक्शनवाल्यांना सांगितलं तर उत्तर आलं, "मॅडम, टीआरपी तुऱ्यावर येत नाही."

तरी चाळीस टोप्यांचं बजेट भांडून घेतलंच. पुण्यात पेठेतल्या एका पगडीवाल्या आजोबांकडे गेले, त्यांनी फोटो पाहिला, लाकडी कालबूत, म्हणजे साचा, काढलं आणि म्हणाले, "पगडीपेक्षा सोपंय हे, इथे चिऱ्या पाडायच्या नाहीत." फेल्ट ओला करून कालबुतावर ताणला, वाळल्यावर आतून चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून दोन हात मारले, असा ठणठणीत झाला की टिचकी मारली तर डब्यासारखा वाजला. इंग्रज हॅटवालेही फेल्टला लाखच द्यायचे, आणि ती लाख जायची आपल्याकडूनच. पुढचा टोपरा, म्हणजे कपाळावरची झडप, रेक्झिनचा केला, पट्टी पितळी पत्र्याची. अकरा दिवसांत चाळीस! मला तर त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

शूटच्या दिवशी बारा वाजता ऊन असं की विचारू नका. फेल्टच्या डब्याला वारा जायला भोक नाही, दोन पोरं चक्कर येऊन बसली, बिचारे खरे सोल्जर त्यात कसे लढले असतील देव जाणे. एका वयस्कर ज्युनिअर आर्टिस्टने टोपरा चाचपत विचारलं, "चामडं कसलं आहे ओ ताई?" रेक्झिन आहे म्हटल्यावर घातली. पण मला चर्रकन वेल्लोर आठवलं, तिथे मद्रास आर्मीच्या शिपायांना गंध लावायची बंदी केली आणि हॅटसारखं नवं पागोटं दिलं, त्यावर चामडी फूल, आणि १० जुलै १८०६ च्या पहाटे किल्ल्यात बंड पेटलं. चामडं कसलं, हाच तिथलाही प्रश्न होता.

मग पहिला शॉट. डिरेक्टर मॉनिटरवरून ओरडला, "हे कोण बँडवाले आणलेत?" अख्खं युनिट हसलं. मला राग आला आणि त्याच क्षणी दिसलं की तो खरंच बोलतोय, लाल कोट, काळा उभा डबा, तुरा, आपण हे फक्त वरातीत बघितलंय. लग्नातल्या बँडने पलटणीचाच थाट उचलला हे मी त्याला सांगायला गेले, पण तेवढा वेळ कोणाला असतो सेटवर. शेवटी माझे शाको मागच्या धुळीत लांबवर, आणि पुढच्या रांगेत खाकी सोला. एका फ्रेममध्ये साठेक वर्षांचा गोंधळ. आजोबांनी एपिसोड बघितला, फोनवर म्हणाले, "छान दिसत होतं," त्यांना त्यांची टोपी दिसली की नाही हे विचारायचा मला धीर झाला नाही.

खरं सांगायचं तर अजून ठरत नाहीये. प्रेक्षकाला इंग्रज ओळखू यायला हवा हे चूक नाही. पेशवाईत लोक त्यांना टोपीकरच म्हणायचे, म्हणजे टोपीवरून ओळखण्याची सवय जुनीच. पण ज्या टोपीवरून ओळखायचे ती कुठली, हे दाखवायची संधी होती की.

पॅकअपला टोप्या मोजल्या तर अडतीस. तो वयस्कर आर्टिस्ट दोन पिशवीत घालून उभा होता, सीझनमध्ये तो क्लॅरिनेट वाजवतो. म्हणाला, "ताई, मालकाला दाखवून उद्या आणतो, आमच्या टोप्या पुठ्ठ्याच्या आहेत हो, पावसात लगदा होतो."