झोपाळ्याचा तास

साठीच्या आसपास भौतिकशास्त्र शिकायला घेतलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. ‘परीक्षा कुठली देताय?’ आणि ‘आता कशाला?’ पहिल्याचं उत्तर सोपं आहे, कुठलीच नाही. दुसऱ्याला मी ‘वेळ छान जातो’ म्हणते आणि विषय बदलते. दिवसभर सुडोकू सोडवत बसणाऱ्याला मात्र कोणी काही विचारत नाही.

दहावीनंतर मी आर्ट्सला गेले, पुढे बँकेत लागले. शाळेतलं विज्ञान म्हणजे चौकटीत लिहायचं सूत्र आणि एकक लिहायचं राहिलं म्हणून गेलेला अर्धा मार्क, एवढंच डोक्यात शिल्लक होतं. आता बालभारतीची पुस्तकं मोबाइलवर फुकट उतरवता येतात. नववीच्या विज्ञानाचा पहिला धडा गतीच्या नियमांचा, दुसरा कार्य आणि ऊर्जेचा; दहावीचा पहिला गुरुत्वाकर्षणाचा. तेवढ्यावर माझं सध्या मजेत भागतं. गणित वर्गमुळापर्यंत जमतं. त्यापुढे गेलं की मी उठून चहा टाकते.

वाचता वाचता माझं एक मत मात्र पक्कं झालंय. पुस्तक जिथे सगळ्यात घाईत असतं, तिथेच काहीतरी भारी दडलेलं असतं. गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात पृथ्वीच्या ओढीचं समीकरण मांडतात. त्यात एका बाजूला वस्तूचं वस्तुमान m, दुसऱ्या बाजूलाही m. दोन्हीकडे काट मारायची, उरतो g, म्हणजे गुरुत्व त्वरण. झालं! हलकं काय नि जड काय, हवा आड आली नाही तर सगळं सारख्याच त्वरणाने पडतं. खाली लगेच सोडवलेलं उदाहरण.

पंधराव्या वर्षी मीही मुकाट्याने काट मारली असणार. आता मागे परीक्षा नाही, त्यामुळे तिथेच अडून बसता येतं. एका बाजूचा m सांगतो, पृथ्वी या वस्तूला किती जोरात ओढते. दुसऱ्या बाजूचा सांगतो, ही वस्तू जागची हलायला किती आढेवेढे घेते. ओढ वेगळी, आढेवेढे वेगळे. दुप्पट ओढल्या जाणाऱ्या वस्तूने आढेवेढेही बरोब्बर दुप्पटच घ्यावेत, असं कुठे लिहून ठेवलंय? ती काट मारायची परवानगी दिली कोणी?

मग कळलं की खुद्द न्यूटननेही ती काट आयती मारलेली नव्हती. १६८७ साली छापलेल्या त्याच्या ग्रंथात त्याने एक प्रयोग सांगितला आहे. दोन सारख्या लाकडी डब्या, अकरा-अकरा फुटांच्या दोऱ्यांनी शेजारी शेजारी टांगलेल्या. एकीत लाकूड भरलं, दुसरीत तेवढ्याच वजनाचं सोनं, आणि दोन्ही हलवून दिल्या. त्या बराच वेळ जोडीने येत-जात राहिल्या. मग चांदी, शिसं, काच, वाळू, मीठ, पाणी आणि गहू. हजारात एका भागाचा फरक असता तरी दिसला असता, असं तो लिहितो. सफरचंदाची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. हा माणूस गहू टांगून झोके मोजत होता, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी कदाचित आर्ट्सला गेले नसते. (गेलेच असते. पण निदान हळहळत गेले असते.)

ही शंका अजूनही कोणी पुरती सोडलेली नाही. २०१६ साली फ्रान्सने एक उपग्रह सोडला, त्यात प्लॅटिनम आणि टायटॅनियमची नळकांडी होती. ती बरोबरीने पडतात का, एवढंच पाहायचं होतं. २०२२ साली शेवटचे निकाल आले. हजार लाख कोटींत एक भाग इतक्या बारकाईने पाहूनही फरक सापडला नाही.

माझ्याकडे सोनं टांगण्याइतकं नाही. पण सासरच्या गावी, कोकणातल्या घरात, ओटीवर झोपाळा आहे. सागवानी फळी, प्रत्येक बाजूला दोन लोखंडी कड्या, त्या वर जाऊन तुळईच्या एकेका हुकात अडकवलेल्या. हुकापासून फळीपर्यंत टेपने मोजलं तर साडेसात फूट, म्हणजे २.२९ मीटर. लंबकाचं सूत्र सांगतं, लांबीला ९.८ने (हाच तो g) भागा, वर्गमूळ काढा, ६.२८ने गुणा. एका पूर्ण झोक्याचं, म्हणजे जाऊन परत येण्याचं, उत्तर येतं तीन सेकंदांच्या किंचित वर. या सूत्रात लांबी आहे, g आहे, वजन मात्र कुठेच नाही. म्हणजे झोपाळ्यावर आत्या बसोत की चौथीतला पुतण्या, एका झोक्याला वेळ सारखाच लागायला हवा.

पुतण्याला मोबाइलचं स्टॉपवॉच दिलं. एक झोका मोजण्यात अर्थ नसतो, बटण दाबायलाच उशीर होतो. दहा मोजायचे आणि दहाने भागायचं. झोका बेताचा ठेवायचा, हेही महत्त्वाचं. लहान-मोठ्या झोक्याला सारखाच वेळ लागतो असं गॅलिलिओ म्हणत असे, पण ते लहान झोक्यांपुरतंच खरं. दोन्ही बाजूंना साठ-साठ अंशांपर्यंत नेला तर सातेक टक्के वेळ जास्त लागतो.

आत्या पानाचा डबा घेऊन बसल्या होत्या. “अगं, त्या झोपाळ्याला काय झालंय? मोजतेस काय?”

“काही नाही आत्या, तुम्ही नुसत्या बसून राहा.”

“ते मला येतं.”

आत्यांचे दहा झोके आणि पुतण्याचे दहा झोके, दोन्ही तीस सेकंदांच्या जरासे आत. बोटाच्या चुकीत बसेल एवढाच फरक. आत्या त्याच्या दुप्पट वजनाच्या असतील. (हे मी मोठ्याने बोलले नाही.) त्यांना पृथ्वी दुप्पट ओढत होती आणि त्या दुप्पट आढेवेढे घेत होत्या. हिशोब जागच्या जागी फिटत होता.

पुतण्याला वजनात रस नव्हता, त्याला g बदलायचा होता. “चंद्रावर टांगला तर?” तिथे ओढ सहाव्या हिश्शाची, म्हणजे एक झोका सात सेकंदांहून लांबणार. त्याला हे फार आवडलं. पृथ्वीवरही g सगळीकडे सारखा नसतो, हे मी त्याला सांगितलं. १६७२ साली रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला, तर पॅरिसला बरोबर चालणारं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. लंबक जवळजवळ तीन मिलिमीटरने आखूड करावा लागला, तेव्हा ते ताळ्यावर आलं. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे, या म्हणण्याला न्यूटनने याच घड्याळाचा आधार घेतला. पुतण्याचं लक्ष तोवर भलतीकडे गेलं होतं.

रिकामा झोपाळा हलवून तो दहा झोके मोजत होता. आणि रिकामा झोपाळा हळू निघाला. अर्ध्या-पाऊण सेकंदानेच, पण परत मोजला तरी हळूच. आत्या बसल्या की वेळ कमी, उठल्या की जास्त.

आता आली का पंचाईत! वजनाने फरक पडत नाही असं मी छातीठोकपणे सांगून बसलेली. पुस्तकात असं उदाहरण नाही, कारण पुस्तकातल्या लंबकाला दोरा असतो आणि खाली एक गोळा. माणूस काही फळीला चिकटवलेला गोळा नव्हे. बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य फळीच्या वीतभर वर, पोटापाशी असतो. म्हणजे सूत्रातली लांबी फळीपर्यंत मोजायचीच नव्हती. वजन सरासरीने जिथे आहे, तिथपर्यंत मोजायची. माणूस बसला की लंबक आखूड होतो, म्हणून झोका लवकर येतो. वजन वाढलं म्हणून नव्हे, ते वर सरकलं म्हणून. हे उमगलं तेव्हा मला फार बरं वाटलं. बँकेत ताळेबंद जुळायचा तेव्हाही वाटायचं, पण त्यात माझा पगार होता.

हे खरं असेल, तर उभं राहून झोका घेतला की तो आणखी भरभर यायला हवा. दहा झोक्यांत निदान दीड-दोन सेकंदांचा फरक पडावा, असा माझा हिशोब. पुतण्या लगेच फळीवर चढला.

“उतर खाली,” आत्या म्हणाल्या. “कड्या माझ्या लग्नाच्या आधीच्या आहेत. आणि त्यात मोजायचंय काय? उभं राहिलं की झोका भरभर येतो. नागपंचमीला झाडाला दोर बांधून आम्ही उभ्यानेच घ्यायचो.”

“मागून ढकलायचं कोण?” पुतण्याने विचारलं.

“ढकलायचं कशाला? झोका चढवायचा असतो. लांब गेला की गुडघ्यात वाकायचं, खाली आला की ताठ व्हायचं. असं.” पानाचा डबा बाजूला ठेवून आत्यांनी बसल्या बसल्या खांदे आणि मान यांनी सबंध झोका करून दाखवला.

मी नववीचा दुसरा धडा उघडला. झोका तळाशी असतो तेव्हा वेग सगळ्यात जास्त, आणि अंगही नेहमीपेक्षा जड झालेलं. तिथे ताठ व्हायला पायांना जास्त जोर लावावा लागतो. टोकाला अंग हलकं असतं, तिथे खाली बसताना पायांनी घातलेली ती ऊर्जा सगळी परत जात नाही. दर झोक्याला जी शिल्लक उरते, तिच्यावर झोका चढतो. म्हणजे पंचमीच्या त्या सगळ्या पोरी तळाशी भरत होत्या आणि टोकाला कमी काढत होत्या. मी हे आत्यांना उलगडून सांगायला लागले.

“हो हो,” त्या म्हणाल्या, “पण आधी त्याला खाली उतरव.”